तो पेपर मी मागे घेतला आहे

ती. बाबा आणि आई,
सा. न. वि. वि.

बाबा, दर रविवारी तुम्ही गूगल स्कॉलरवर माझं नाव टाकता आणि माझ्या पेपरांचा इतरांनी किती वेळा उल्लेख केला ते आकडे वहीत उतरवता, हे आईनं मला कधीच सांगून टाकलंय. हे पत्र येत्या रविवारच्या आत तुमच्या हातात पडावं म्हणून घाईनं लिहितेय.

सीटी स्कॅनमधले फुप्फुसातले नोड्यूल, म्हणजे बारीक गाठी, संगणकानं ओळखायचे, तो पेपर, ज्याचं नाव तुम्ही लाल शाईनं लिहून ठेवलंय, तो मी मागे घेतला आहे. संपादकांना पत्र गेलं, सोबतच्या सगळ्या लेखकांच्या सह्या झाल्या. पेपर नाहीसा होणार नाही. आहे तिथेच राहील, फक्त त्यावर 'रिट्रॅक्टेड' असा शिक्का दिसेल. तो तुम्हाला एकट्याला, अचानक दिसू नये असं वाटलं.

आई, मी बरी आहे. वेळेवर जेवते, रात्री झोप लागते, खोली उबदार आहे. नोकरी आणि पगार दोन्ही चालू आहेत. बढतीचा अर्ज मात्र यंदा भरणार नाही.

बाबा, मार्चमध्ये तुमचा सीटी मला पाठवलात ना, तेव्हा मी तो आमच्याच प्रोग्रॅमवर चालवून बघितला. तुमचा तो ७ मिलिमीटरचा नोड्यूल, जो मला नुसत्या डोळ्यांनी दिसत होता, त्याला दिसलाच नाही. एका चुकीनं काही सिद्ध होत नाही, शंभरात काही सुटतातच. पण मला चैन पडेना. मूळ डेटा पुन्हा उघडून बसले, तर तिसऱ्या रात्री सापडलं. आम्ही चित्रांचे दोन भाग केले होते, एक प्रोग्रॅमला शिकवायला आणि एक त्याच्या परीक्षेला. ते भाग रुग्णांप्रमाणे पाडायला हवे होते, आम्ही सुट्या चित्रांप्रमाणे पाडले. त्यामुळे एकाच माणसाची काही चित्रं शिकवणीत आली आणि काही परीक्षेत. तुम्ही मला गणितं घालायचात तेव्हा वहीतलं उदाहरण परीक्षेत कधी द्यायचा नाहीत, आकडे बदलायचात. आम्ही वहीतलीच गणितं परीक्षेत दिली, आणि गुण भरघोस पडले. भाग नीट पाडून पुन्हा मोजलं तेव्हा निकाल इतका उतरला की दुरुस्तीपत्र छापून भागलं नसतं.

तुमच्या स्कॅनमुळे हे झालं, असं चुकूनही मनात आणू नका. चूक आधीपासून तिथेच होती. तो पेपर वाचून लोक पुढचं काम उभारत होते. उद्या तसल्याच प्रोग्रॅमनं कुणाच्या तरी वडलांना 'काही नाही' म्हणून घरी पाठवलं असतं. आणि बाबा, पेपर मागे घेणं म्हणजे लबाडी कबूल करणं नव्हे. प्रामाणिक चुकीसाठीही पेपर मागे घेतात. वाचणाऱ्यानं त्या निकालावर विसंबू नये, एवढ्यासाठीच ते असतं.

आता तुमचे आकडे. माझ्या एकूण उल्लेखांतले निम्म्याहून जास्त त्या एका पेपरचे आहेत, ते वजा केले तर वही फार हलकी दिसेल. एच-इंडेक्सला मात्र तितका धक्का नाही. २००५ साली होर्हे हर्श या भौतिकशास्त्रज्ञानं तो सुचवला. किमान २० उल्लेख असलेले २० पेपर असतील, तर एच-इंडेक्स २०. त्यामुळे एक पेपर गेला तरी तो फार तर एकानं उतरतो. आणि वाईट वाटलंच तर अ‍ॅलन कॉरमॅकला आठवा. ज्या सीटीनं तुमची छाती बघितली, त्यामागचं गणित त्यानं १९६३ आणि ६४ साली दोन पेपरांत मांडलं होतं. जवळजवळ कुणीच दखल घेतली नाही. पेपरची प्रत मागणाऱ्यांत स्वित्झर्लंडची हिमकडे अभ्यासणारी संस्था होती! १९७९ साली त्याच कामासाठी त्याला, सीटीचं यंत्र बनवणाऱ्या हाउन्सफिल्डबरोबर, नोबेल मिळालं. तेव्हा कुणी तुमच्यासारखी वही ठेवली असती, तर वर्षानुवर्षं पानं कोरीच राहिली असती.

माझा हात मोडला होता तेव्हा तुम्ही फिल्म खिडकीत उजेडाला धरून म्हणाला होतात, "बघ मने, ही आतली तू." मी रडायची थांबले होते. अजूनही रोज पहिली केस उघडताना मला ती खिडकी आठवते.

आता ऐका. दुसरा सीटी सहा ते बारा महिन्यांत व्हायला हवा, म्हणजे उशिरात उशिरा येत्या मार्चमध्ये. मी तर म्हणते सप्टेंबरमध्येच करून टाका. 'मला काही त्रास नाही' हे कारण चालणार नाही. एवढे छोटे नोड्यूल बहुतेक वेळा निरुपद्रवीच निघतात, पण ते वाढत नाहीत हे बघावं लागतं. जुन्या स्कॅनची सीडी बरोबर न्या, नुसता रिपोर्ट नको. दोन्ही चित्रं शेजारी ठेवूनच मिलिमीटरचा फरक कळतो. कमी डोसचा स्कॅन आहे, इंजेक्शन लागत नाही, पाच-दहा मिनिटांत बाहेर याल. आई, तारीख तू घे, ते विसरल्याचं सोंग करतील. आणि निकाल काहीही आला तरी मला त्याच दिवशी कळवा. दादाच्या वेळी केलंत तसं करू नका, एवढंच मागणं आहे.

बाबा, वहीत त्या पेपरवर काट मारू नका. शेजारी तारीख घाला आणि लिहा : मनीनं स्वतः मागे घेतला. तुमच्या अक्षरात, लाल शाईनंच.

तुमची,
मनी