पुणे विद्यापीठाच्या बरोबरीचे कोण?

महोदय,

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ ‘एनआयआरएफ’ या केंद्र सरकारच्या क्रमवारीतल्या राज्य सार्वजनिक विद्यापीठांच्या यादीत २०२४ मध्ये तिसरे होते, २०२५ मध्ये अकरावे झाले. त्यावर भरपूर ऊर बडवून झाले. मला निराळाच प्रश्न पडतो. पुढच्या दहा-पंधरा वर्षांचा आराखडा करताना विद्यापीठाने स्वतःला मोजायचे ते कोणाशेजारी उभे राहून?

समारंभांतली भाषणे ऐकली की आयआयटी, जेएनयू ही नावे येतातच. वक्ता रंगात आला तर ऑक्सफर्डही. जेएनयू १९६९चे, केंद्राच्या पैशावर चालणारे आणि निवासी. आपले विद्यापीठ १९४९चे. गणेशखिंडीतला चारशे एकरांचा परिसर हा त्याचा दिवाणखाना. खरा संसार पुणे, अहिल्यानगर आणि नाशिक या तीन जिल्ह्यांतल्या शेकडो संलग्न महाविद्यालयांत आहे. सुरगाण्यातल्या मुलीचा निकाल वेळेवर लागला की नाही, हे जेएनयूच्या कोणत्याच तक्त्यात सापडणार नाही. यादीत आपल्या वर असलेल्या कोलकात्याच्या जादवपूर विद्यापीठाकडेही संलग्न संस्था नावापुरत्याच.

मग बरोबरीचे कोण? माझ्या मते मुंबई विद्यापीठ आणि हैदराबादचे उस्मानिया विद्यापीठ. दोघांच्याही डोक्यावर संलग्नतेचा आणि परीक्षांचा भार आहे, आणि प्राध्यापकभरतीसाठी राज्य सरकारच्या तोंडाकडे पाहणे आहे. उस्मानियातून पुढे नवी विद्यापीठे निघाली. आपल्याकडूनही १९६२ मध्ये कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ आणि १९९० मध्ये जळगावचे विद्यापीठ वेगळे झाले. पसारा कमी झाल्यावर उरलेल्या विद्यापीठाचे काय होते, हे उस्मानियाकडूनच समजेल, ऑक्सफर्डकडून नाही.

मी एका संलग्न महाविद्यालयात तीस वर्षे शिकवले. मूल्यांकनाच्या वेळी तुलनेसाठी तीन महाविद्यालये निवडायची होती. चहा येईपर्यंत नावे ठरलीसुद्धा, तिन्ही आमच्यापेक्षा लंगडी. तक्त्यात आम्ही झळकलो. ग्रंथपालाची जागा मात्र मी निवृत्त होईपर्यंत रिकामीच होती.

म्हणून निकष आधी, नावे नंतर. विद्यार्थिसंख्या, भरलेल्या पूर्णवेळ पदांचे प्रमाण, राज्याचे अनुदान, संलग्न महाविद्यालये, पीएचडीधारकांची संख्या आणि घरात पहिल्यांदाच पदवीपर्यंत पोचणारे विद्यार्थी, एवढे पुरे. क्रमवारीतले स्थान निकषांत नको. एनआयआरएफमध्ये दहा टक्के गुण केवळ लोकांच्या मतावर असतात, आणि त्या आधारे सोबती निवडणे म्हणजे पत्रिका न बघता वरातीतल्या बँडवरून स्थळ पसंत करणे. अमेरिकेत १९७३ पासून प्रसिद्ध होणारे कार्नेगी वर्गीकरण विद्यापीठांचे गट पाडते ते ती कोणत्या पदव्या देतात आणि किती संशोधन करतात यावरून, त्यामुळे पहिली चाळण तरी तयार मिळते. आपल्याला ती स्वतः विणावी लागेल.

ज्यांच्यासारखे व्हायचे आहे त्यांची यादी जरूर करावी, पण ती वेगळ्या कागदावर. सध्या दोन्ही याद्या एकात मिसळतात. मग अपयश आले की ‘ते कुठे, आपण कुठे’ म्हणायची सोय होते.

२०१६च्या विद्यापीठ कायद्यानुसार बृहत् आराखडा दर पाच वर्षांनी करावाच लागतो. पुढच्या आराखड्याआधी हे निकष आणि दोन्ही याद्या अधिसभेपुढे ठेवाव्यात, संकेतस्थळावर टाकाव्यात, आणि कुलगुरू बदलले म्हणून त्या बदलू नयेत.

— एक निवृत्त प्राध्यापक, कोथरूड, पुणे