गच्चीवर पेलेट स्मोकर ग्रिल वापरण्याच्या परवानगीबाबत

प्रति,
मा. अध्यक्ष व कार्यकारिणी सदस्य,
सहकारी गृहनिर्माण संस्था,
मुलुंड (पूर्व), मुंबई

विषय: बी विंगच्या गच्चीवर लाकडी पेलेटचा स्मोकर ग्रिल वापरू देण्याबाबत

महोदय,
स.न.वि.वि.

मला घरासाठी पेलेट स्मोकर ग्रिल, म्हणजे लाकडाच्या आचेवर आणि धुरावर मटण-मासे शिजवायचं यंत्र, घ्यायचा आहे. पैसे भरण्याआधी आपली लेखी परवानगी हवी, म्हणून हे पत्र. ग्रिल बाल्कनीत मावेल, पण तिथे ठेवणं मला मान्य नाही. लाकूड जळताना कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होतो, त्याला ना रंग ना वास. आपल्याकडे बऱ्याच बाल्कन्यांना काचा बसवल्या आहेत, आणि वरच्यांचे कपडे खालच्यांच्या डोक्यावरच वाळत असतात. गच्ची मिळाली तरच घेईन.

यंत्र कसं चालतं ते सांगते, म्हणजे गच्चीवर उघडी शेकोटी पेटणार असं कोणाला वाटायला नको. पेलेट म्हणजे लाकडाच्या भुशावर दाब देऊन केलेल्या, पेन्सिलीएवढ्या जाडीच्या कांड्या. बाजूच्या डब्यातून मळसूत्री दांडा त्या थोड्या थोड्या पुढे ढकलतो. तळाशी छोट्या भांड्यात त्या जळतात, विजेचा पंखा वारा देतो आणि कंट्रोलर आच राखतो. झाकणाखाली साधारण ११० ते १२० अंश सेल्सिअसला मटण तासन्‌तास शिजतं. सुरमई, बांगड्याला त्यामानाने फारच कमी वेळ लागतो. पेटवल्यावर सुरुवातीला दाट पांढरा धूर येतो, मग तो विरळ, निळसर होतो. धूर होतच नाही असं मी म्हणणार नाही.

खरी काळजी चरबीची. ती साचून पेटली तर पाणी ओतायचं नसतं, भडका वाढतो. म्हणून दर वेळी ट्रे पुसून घेईन, शेजारी अग्निशामक ठेवीन आणि ग्रिल पेटता असेपर्यंत गच्ची सोडणार नाही. खाली कडप्प्याची लादी टाकीन, म्हणजे वॉटरप्रूफिंगला धग लागणार नाही. राख पूर्ण गार झाल्यावर पत्र्याच्या डब्यातून खाली नेईन. वीज माझ्या मीटरवरून घेईन. अमेरिकेतली बरीच मॉडेल १२० व्होल्टची असतात, आपल्या विजेवर ती थेट चालत नाहीत, म्हणून ती घेणार नाही. बॉयलरसाठी विकली जाणारी स्वस्त पेलेटही आणणार नाही. त्यात काय मिसळलेलं असेल ते कळत नाही, आणि त्या धुरावर शिजलेलं पोटात जायचं असतं.

जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितलं. तो आदेश घरच्या स्वयंपाकाला नसला तरी त्यामागची चिंता मला पटते. हिवाळ्यात हवा खराब असेल त्या दिवशी ग्रिल पेटणार नाही. पावसाळ्यात तर प्रश्नच नाही. ओलीने पेलेट फुगतात, त्यांचा पुन्हा भुसा होतो आणि दांडा अडकतो.

एप्रिल-मेमध्ये गच्चीवर पापड, कुरडया, मिरच्या वाळत असतात. वाळवणाला धुराचा वास लागला तर वर्षभराची बेगमी वाया जाईल, तेव्हा त्या दिवसांत गच्ची वाळवणाचीच. पर्युषणात आणि एकादशीलाही ग्रिल बंद. एरवी महिन्यातून फार तर दोन रविवार, तेही आदल्या दिवशी बोर्डावर लिहून.

पुढच्या मीटिंगमध्ये हा अर्ज घ्यावा. त्याआधी सचिवांनी वर येऊन पाण्याच्या टाकीपासून आणि लिफ्टच्या मशीन रूमपासून लांबची जागा ठरवून द्यावी. शेवटच्या मजल्यावरच्या दोन्ही घरी मी स्वतः विचारते. त्यांचा नकार असेल तर अर्ज मागे घेईन.

आपली,
सभासद, बी विंग