चार हजार रुपयांचा हिशेब

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, मंगळवारी खात्यात चार हजार आल्याचा मेसेज वाजला तेव्हाच ओळखलं, हे आईचं काम. रविवारी व्हिडिओ कॉलवर ती माझ्याशी बोलतच नव्हती, माझ्या कुर्त्याकडे बघत होती. 'हाच निळा मागच्या रविवारी होता ना गं?' होता. त्याच्या आदल्या रविवारीही होता. रविवारी मी सगळे कपडे धुवायला काढते, तेव्हा अंगावर ठेवायला तो विटका निळाच उरतो. त्यावरून आईनं ठरवलं की पोरगी मुंबईत एका कुर्त्यावर दिवस काढतेय.

फोनवर समजावायला गेलं की 'बरं बरं, जेवलीस का' म्हणून ती विषय बदलते. म्हणून लिहून पाठवतेय. बाबांनी मोठ्यानं वाचून दाखवायचं, टीव्ही बंद करून.

पगाराचं तुम्हाला माहीत आहे. डोंबिवलीतल्या खोलीचं भाडं, डबा, लोकलचा पास आणि शिक्षणाच्या कर्जाचा हप्ता गेला की कपड्यांसाठी मी महिन्याला आठशे रुपये बाजूला काढते. आता ते पुरतात. पहिल्या वर्षी पुरत नव्हते, कारण तेव्हा खरेदी करताना मी तुमची मुलगी असल्याचं विसरले होते. सेल लागला म्हणून चारशे नव्व्याण्णवला एक असे तीन कुर्ते आणले. चौथ्या धुण्याला एकाची बगलेतली शिवण फिरून पोटावर आली. दुसऱ्याचा रंग तिसऱ्याला लागला. तिसरा लोकलमध्ये चढताना खांद्यावर उसवला, तो उलटा करून बघितला तर माया नावालाही नाही, अगदी काठाला धरून शिवलेला. बाबांना फोटो पाठवला होता, आठवतंय? बाबांचं उत्तर एका ओळीचं: 'उभा धागा सोडून तिरकं कापलंय. कापड वाचवलं त्यांनी.'

पंधराशे रुपये गेले ते गेलेच, पण तेव्हापासून मी तयार काही घेत नाही. कापड घेते आणि शिवून घेते. शनिवारी अर्धा दिवस असला की क्रॉफर्ड मार्केटजवळच्या मंगळदास मार्केटमध्ये जाते. अरुंद गल्ल्या आणि दोन्ही बाजूंनी ताग्यांच्या भिंती. बाबा, तुम्ही तिथे गेलात तर दिवसभर बाहेर येणार नाही. पहिल्यांदा गेले तेव्हा दुकानदारानं एक कडक, गुळगुळीत इस्त्री केल्यासारखं कापड पुढे टाकलं, 'प्युअर कॉटन, मॅडम.' मी तुमच्यासारखं दोन बोटांत धरून चुरगाळलं, तर बोटांना पांढरी पूड. सगळा कडकपणा खळीचा. एक पाणी पडलं की त्याची मच्छरदाणी होणार. मग उजेडाकडे धरून वीण बघितली, कडेचा एक धागा ओढून मागितला आणि काडी लावली. कागदासारखा जळला आणि राख झाली तर सुती, वितळून टोकाला कडक मणी आला तर पॉलिस्टर. मणी आला. दुकानदारानं विचारलं, 'तुम्ही लाइनमधल्या का?' मी म्हटलं, वडील इचलकरंजीत जॉबर होते, माग दुरुस्त करून चालते ठेवायचे, आईनं वीस वर्षं आडव्या धाग्याच्या कांड्या भरल्यात. त्यानंतर तो मला मागच्या कपाटातलंच कापड काढून देतो.

अडीच मीटर केंब्रिक, दोनशे वीसच्या भावानं साडेपाचशे. शिलाई साडेचारशे. हजार रुपयांत कुर्ता पडतो, म्हणजे सेलमधल्याच्या दुप्पट. पण पहिला शिवलेला पांढरा-राखाडी दीड वर्ष झालं, आठवड्यातून एकदा ठरलेला, अजून कॉलरही झिजलेली नाही. कापड आधी रात्रभर भिजवते, मगच टेलरकडे देते. तो दर वेळी म्हणतो, 'याची गरज नाय.' आणि मी दर वेळी आईचं नाव सांगते. असे पाच कुर्ते झालेत आणि तीन पँटी. रंग मुद्दाम असे धरलेत की कुठलाही कुठल्याहीवर चालतो. आई, तुला हे रंग सुतकी वाटतात हे मला माहीत आहे. कानातलं मात्र झगझगीत असतं. लेडीज डब्यात वीस रुपयांना मिळतं, ठाणे ते दादरमध्ये निवडून होतं.

लोकलमुळे पुष्कळ गोष्टी आपोआप सुटल्या. ओढणी सुटली, कारण ती दुसरीच्याच पर्सच्या चेनमध्ये अडकून पुढच्या स्टेशनला जाते. सिल्क सुटलं, घामाचे डाग. उंच टाचा तर आधीच. आता एकच काळी सँडल आहे, चांभाराकडून दोनदा तळ बसवून घेतलाय. बाहेर पडायच्या आधी तू मला गर्रकन फिरवून मागची किनार बघायचीस ना, ते आता मी आरशापुढे मान वाकडी करून करते. खोलीतल्या मुली हसतात.

आता जे सांगायला हे पत्र काढलं ते सांगते.

ऑफिसात रुजू झाल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात मी तो चिकूच्या रंगाचा कुर्ता घातला होता, आईच्या जुन्या सुती साडीचा. ती साडी खांद्याला पिनेच्या जागी विरली होती, टाचेशी काठ फाटला होता, पण निऱ्यांचा भाग आतल्या आत राहून नव्यासारखा होता. तिथूनच आईनं कापून शिवला होता, आतून जुन्या मलमलच्या परकराचं अस्तर लावून. टीममधल्या एकीनं विचारलं, 'किती सुंदर पडतोय गं, कुठला?' आणि मी एका मोठ्या दुकानाचं नाव ठोकून दिलं. विचार न करता, पटकन. ती म्हणाली, 'वाटलंच.' दिवसभर मला तो कुर्ता टोचत राहिला. आमच्या खिडकीतून एका बंद गिरणीची चिमणी दिसते. सगळं लोअर परळ असंच, गिरण्यांच्या जागी काचेच्या इमारती. बाबा, तुम्ही सांगता ना, ब्याऐंशीचा संप झाला, मुंबईतल्या गिरण्या बसल्या आणि आपल्या गावात रातपाळीला माणूस मिळेना इतके माग वाढले. त्याच मागांवर आपलं घर चाललं आणि त्याच गिरण्यांच्या जागेवर बसून मी कापडाबद्दल खोटं बोलले. मला झोप लागली नाही असं काही नाही, लागली. पण विसरलेही नाही.

मागच्या महिन्यात तिनंच पांढऱ्या पॉपलीनच्या कुर्त्याबद्दल विचारलं. बाबा निवृत्त झाले तेव्हा मालकांनी पाच मीटरचा तुकडा दिला होता ना, तो. या वेळी सांगितलं, वडिलांच्या मागावरचं कापड आहे. तिला माग म्हणजे काय तेच माहीत नव्हतं. मग डबा खाताना ताणा म्हणजे उभे धागे, आडवा धागा, ताण्याला खळ देणारं सायझिंग, ताणा गुंडाळायचा बिम, सगळं सांगत बसले. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी गावात पहिला यंत्रमाग आणला इथपर्यंत गेले. पाहुण्यांपुढे बाबा हे काढतात तेव्हा मी आत निघून जायचे, ते काढलेलं मला आता शोभत नाही. चिकूच्या कुर्त्याचंही खरं सांगितलं. ती हसली, म्हणाली, 'मग माझ्या आईच्या साड्या पण बघून दे ना.' पुढच्या रविवारी तिच्याकडे जातेय.

तेव्हा माझ्या कपड्यांची काळजी सोडा. मला काळजी आहे ती तुमच्या कपड्यांची. व्हिडिओ कॉल दोन्हीकडून दिसतो, आई. बाबांच्या चौकटीच्या शर्टाची कॉलर तू उलटवून लावलीस, तेव्हा मी नववीत होते. आता उलटी बाजूही झिजलीय. त्याला तिसरी बाजू नाही. आयुष्यभर दुसऱ्यांसाठी कापड विणलेल्या माणसानं लग्नाला तो शर्ट घालून जायचं आणि वर म्हणायचं, 'मला कोण बघतंय?' मी बघते.

आणि तुझी ट्रंक. गेल्या दिवाळीत मोजल्या, सतरा साड्या. त्यातल्या दहा-अकरा मानाच्या, नुसत्या या घरातून त्या घरात फिरणाऱ्या. त्यातली एक तर मावशीनं दिलेली मावशीलाच परत गेली होती. त्यांचं मी काही बोलत नाही. पण ती इरकल, टोपतेनी पदराची, आजीची? डांबरगोळ्यांच्या वासात वर्षानुवर्षं एकाच घडीत पडलीय. घडीवरच रेशीम चिरतं, हे तूच शिकवलंस मला. निदान घडी मोड. खरं तर नेसच. वैशाखात दादाच्या लग्नाला नेस. ब्लाउज होत नाही हे कारण मी पाठवलेल्या पार्सलमुळे संपलंय.

हिशेब असा. बाबांच्या दोन शर्टांचं कापड, अठ्ठावन्न इंच पन्ना, पावणेदोन मीटरचे दोन तुकडे, २६० च्या भावानं ९१०. एक फिका आकाशी, एक बारीक रेघांचा. त्यांची शिलाई ७००, ती पाठवलीय. आईच्या इरकलीवर खणाचं ब्लाउज पीस १२०, अस्तरासकट शिलाई ३५०. माझा एक कुर्ता, कापड-शिलाई मिळून १०००, म्हणजे तुमचं मन राखलं. सँडलचा तळ तिसऱ्यांदा, १८०. एकूण ३२६०. उरले ७४०, त्यातून पावसाळ्याची चप्पल घेते.

पार्सल पोचलं की कापड आधी रात्रभर भिजवा. शिंप्याला सांगा, बाजूला दोन बोटं माया ठेव आणि बाह्या पूर्ण. बाबांना 'अर्ध्या बाह्यांत कापड वाचतं' असं म्हणू देऊ नका. माप नवीन घ्यायला लावा, जुन्या शर्टावरून नको. बाबा बारीक झालेत.

तुमची,
धाकटी

ता. क. आई, तो चौकटीचा शर्ट बोहारणीला द्यायच्या आधी बटणं काढून डब्यात टाक. सहावं बटण मी तुटकं लावलंय, ते टाकून दे.