गेरूची वाटी

मुंबई, रविवार

ती. बाबा आणि आई यांस,
सा. न. वि. वि.

परवा आईने फोनवर विचारलं, "तू ऑफिसात नेमकं करतेस तरी काय गं?" तेव्हा धड सांगता आलं नाही, म्हणून लिहायला बसले.

बाबा, १९९१च्या जनगणनेच्या वेळी तुम्ही वाड्यावाड्यांवर हिंडलात, आठवतं? तुमच्या मागे गेरूची वाटी घेऊन मी. चिऱ्याच्या भिंतीवर तुम्ही नंबर टाकायचात. कोणी "सगळे मिळून सात" म्हणून मोकळं झालं, की ओटीवर बसकण मारून एकेकाचं नाव विचारायचात. माझं काम तिथूनच पुढे सुरू होतं. आलेल्या आकड्यांवरून दवाखाना कुठे हवा, शाळा किती, पेन्शन कोणाला, हे आम्ही मांडतो.

आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात २००१ साली १६ लाख ९७ हजार माणसं होती. २०११ला १६ लाख १५ हजार. सारं राज्य वाढत असताना आपण जवळजवळ ५ टक्क्यांनी घटलो. हजार पुरुषांमागे बायका ११२२, कारण पुरुष कामाला मुंबईत. ते कोष्टक पहिल्यांदा पाहिलं तेव्हा पोटात कालवलं. त्या घटीत मीही होते ना!

मला खरा घोर आहे तो निकषांचा. डोंगराळ भागात ३ हजार लोकसंख्येमागे एक आरोग्य उपकेंद्र, २० हजारांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र. म्हणजे डोकी कमी, तर गरज कमी. पण मागे राहिलेली माणसं सत्तरीची असली तर? आई, तू गुडघ्यावर हात ठेवून एकेक पायरी करत पाखाडी उतरतेस. तू एक आणि पंचविशीतला पोरगाही एकच, हा हिशोब मला मान्य नाही. सध्या त्यावरच टिपण लिहितेय. नुसती डोकी नकोत, वय आणि वाटेतला चढउतारही धरा, असं त्यात मांडलंय. वरिष्ठांना पटायला वेळ लागेल. मी पिच्छा सोडणार नाही.

आता पुढची मोजणी फेब्रुवारी २०२७ मध्ये. तेव्हा ना गणपती, ना शिमगा. चाकरमान्यांच्या घरांना कुलपं. उघड्या घरांतून जी म्हातारी माणसं असतील, त्यांची नोंद तरी नीट व्हायला हवी.

म्हणून बाबा, एक काम कराल? आपल्या वाडीची यादी करून ठेवा. कुठलं घर उघडं, आत कोण, वय किती, रात्री-अपरात्री दुखलंखुपलं तर दवाखान्यात कोण नेतं. वरच्या घरातल्या काकूंना दोनदा हाक मारा, त्यांना हल्ली ऐकू कमी येतं. चतुर्थीला आले की ओटीवर बसून दोघं मिळून पाहू.

तुमची,
माई