जगबुडी खेडची, शिव नदी आमची

मा. संपादक,
स. न.

कालच्या अंकात चिपळूणच्या पुरावरच्या सरकारी अहवालाची बातमी वाचली. संध्याकाळी आमच्या व्यापाऱ्यांच्या ग्रुपवर आख्खा अहवालच आला, तो रात्री दीड वाजेपर्यंत मोबाइलवर मोठा करकरून वाचला आणि आज दुकान उघडायच्या आधी हे टाइप करतेय, काही शब्द चुकले तर सांभाळून घ्या.

अहवालात लिहिलंय की चिपळूण शहरातून वाशिष्ठी आणि जगबुडी या दोन नद्या वाहतात. अहो, जगबुडी माझ्या माहेरची नदी आहे! माझं माहेर खेड. लहानपणापासून दर पावसाळ्यात तिचं पाणी खेडच्या बाजारात शिरताना बघितलंय, आई भांडी माळ्यावर टाकायची आणि आम्ही पोरं जिन्यात बसून पाणी कितव्या पायरीला आलं ते मोजत बसायचो. ती नदी खेडवरून येते आणि वाशिष्ठीला मिळते ती आमचं शहर मागे टाकल्यावर, पार खाली खाडीच्या अंगाला. चिपळूणच्या बाजारात ती कधी आली नाही आणि येणारही नाही. आणि जी खरंच शहराच्या मधोमध वाहते, जिच्या दोन्ही बाजूंना घरं आहेत, दुकानं आहेत, त्या शिव नदीचा उल्लेख अख्ख्या अहवालात एकदाच, तोही "स्थानिक नाला" म्हणून. नाव सुद्धा नाही.

तुम्ही म्हणाल एका नावाने एवढं काय बिघडतं. माझं बिघडलंय म्हणून सांगते.

२२ जुलै २०२१. पहाटे पाणी आलं ते वाशिष्ठीच्या बाजूने आलंच नाही, मागच्या बाजूने, शिव नदीकडून आलं. इथे राहणाऱ्याला हे सांगावं लागत नाही, वाशिष्ठी भरली आणि त्यात खाडीला भरती असली की शिव नदीचं पाणी पुढे जात नाही, ते फुगतं आणि उलटं बाजारात घुसतं. आमचं कापडाचं दुकान, सासऱ्यांनी सुरू केलेलं, वर घर. आम्ही अंधारात जेवढे तागे वर नेता येतील तेवढे नेले, मग पाणी छातीला लागलं तेव्हा ह्यांनी मला ओढून वर आणलं. दोन दिवसांनी खाली उतरलो तर तागे चिखल पिऊन एवढे जड झाले होते की एकेक उचलायला दोन माणसं लागत होती, आणि पिळलं की पाणी नाही, लाल गाळ यायचा. सासऱ्यांच्या वेळचं शिसवी टेबल उलटं होऊन शटरला अडकलं होतं.

इन्शुरन्स होता. कंपनीचं नाव घेत नाही. आठ-दहा दिवसांनी सर्व्हेअर आले, बाहेरगावचे, बोलायला चांगले होते. त्यांच्या हातात एक छापलेला नकाशा होता आणि त्यावर आमच्या दुकानापासून "नदी" म्हणजे वाशिष्ठी बरीच लांब दिसत होती. मी म्हटलं, साहेब, मागे या. त्यांना घेऊन शिव नदीच्या पुलावर गेले, खाली अजून गढूळ पाणी वाहत होतं, कठड्याला गाद्या, झाडाच्या फांद्या, कुणाचं तरी फ्रीजचं दार अडकलेलं. ते पुलावर उभं राहून नकाशात बघतायत आणि मला विचारतायत, "ताई, नदी कुठाय यात?" मी बोटाने खाली दाखवलं. ते म्हणाले, हो, पण कागदावर हा नाला आहे. आणि त्यांच्या रिपोर्टमध्ये तसंच गेलं, नाल्याचं पाणी तुंबल्याने नुकसान. क्लेम आठ महिने लोंबकळला, कितीतरी पत्रं, मुंबईला तीन चकरा, आणि शेवटी मिळाले ते निम्म्याहून कमी. तेव्हा मी स्वतःची समजूत घातली की तो नकाशा जुना असेल. आता सरकारी अहवालातच पुन्हा तोच "नाला" आलाय म्हटल्यावर पुढच्या पुरात आमच्या गल्लीतल्या सगळ्यांच्या रिपोर्टवर हेच येणार ना? नाल्याचा गाळ काढायची जबाबदारी वेगळ्यांची, नदीचा काढायची वेगळ्यांची, पूररेषा नदीला असते, नाल्याला कोण आखतं?

दुसरी गोष्ट त्याहून गंभीर आहे आणि तुमच्या बातमीत ती जशीच्या तशी आली आहे. "वाशिष्ठीच्या वरच्या भागात कोयना धरण असून." कोयना धरण वाशिष्ठीवर नाही हो! ते घाटाच्या पलीकडे, पाटण तालुक्यात. कोयना नदी महाबळेश्वरहून दक्षिणेकडे येते, हेळवाकला वळून पूर्वेला जाते आणि कऱ्हाडला कृष्णेला मिळते. धरणाचे दरवाजे उघडले तर पाणी कऱ्हाड-सांगलीकडे जातं, आमच्याकडे नाही. आमच्याकडे येतं ते अवजल, म्हणजे बोगद्यातून पोफळीला वीज करून सुटलेलं पाणी, ते कोळकेवाडी धरणात येतं आणि तिथून वाशिष्ठीत. वर्षाला ६७.५ टीएमसी (म्हणजे अब्ज घनफूट) पाणी असं पश्चिमेकडे वळवायला कृष्णा पाणी तंटा लवादाची परवानगी आहे. त्या रात्री अवजलामुळे किती पाणी वाढलं यावर माणसं आजही भांडतात, त्यात मला पडायचं नाही, मी इंजिनियर नाही. पण ज्यांनी भांडण सोडवायचं त्यांनाच पाणी डोंगराच्या कुठल्या बाजूने येतं हे माहीत नसेल तर आम्ही कुणाकडे बघायचं? २०२१ ला सुद्धा रात्रभर लोक एकमेकांना फोन करून "कोयनेचे दरवाजे उघडले का" विचारत होते. विचारायला पाहिजे होतं कोळकेवाडीचं.

आणि गावाचं नाव. अहवालात चौदा ठिकाणी "चिपलून" आहे, मी मोजलं. महाराष्ट्र सरकारचा मराठी अहवाल आणि त्यात ळ नाही, ण नाही. गोवळकोटचं "गोवलकोट", पोफळीचं "पोफली". म्हणजे कुणीतरी इंग्रजीतून मशीनने करून घेतलं आणि एकाही मराठी माणसाने एकदा वाचून सुद्धा बघितलं नाही. ज्याने हे वाचलं नाही त्याने नद्या कशा तपासल्या असतील?

तुमच्यावर पण थोडा राग आहे, तो मनात ठेवत नाही. आमच्या घरी तुमचा पेपर सासऱ्यांपासून येतो. तुमचा वार्ताहर चिपळूणात बसतो, त्याला शिव नदी माहीत नाही असं होऊच शकत नाही. बातमीसोबत फोटो छापलाय त्याच्याखाली "कुंभार्ली घाट" लिहिलंय, तो परशुराम घाट आहे, खाली वाशिष्ठीची वळणं दिसतायत. कुंभार्ली पूर्वेला, कऱ्हाडच्या रस्त्यावर. हे डेस्कवर कुणी बदललं असेल तर त्याला सांगा.

आता एक विनंती. अहवालावर हरकती घ्यायला मुदत आहे का, असेल तर कधीपर्यंत आणि अर्ज कुठे द्यायचा, हे बातमीत कुठेच नाही. तेवढं उद्याच्या अंकात पहिल्या पानावर छापा. आमच्या लाइनीतल्या बावीस दुकानदारांच्या सह्या कालच रात्री झाल्यात, अर्जावर फक्त पत्ता टाकायचा राहिलाय.

आपली,
एक वाचक
बाजारपेठ, चिपळूण