न्यू जर्सीतील त्या ताईंस

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

तुमचे नाव मी येथे लिहिणार नाही आणि नवऱ्याच्या छळामुळे घर सोडल्यावर माझ्या मुलीने लेकरासह ज्या निवाऱ्यात चार महिने काढले, त्याचा पत्ता तर मला आजही ठाऊक नाही. तो कोणालाही, अगदी आईलाही, सांगायचा नसतो हे तुम्हीच मला समजावले होते. म्हणून हे पत्र टपालात न टाकता असे उघडपणे लिहीत आहे.

आधी एक कबुली देते. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी मुलगी फोनवर म्हणाली, "आई, मला इथे गुदमरल्यासारखं होतं." तेव्हा माझा पहिला प्रश्न होता, "हात उचलतो का?" ती नाही म्हणाली आणि मी तिला जरा सांभाळून घ्यायला सांगितले. तिचा पासपोर्ट जावयांच्या कपाटात कुलूपबंद होता, बँकेच्या खात्यावर तिचे नाव नव्हते, किराण्याच्या प्रत्येक पावतीचा हिशेब तिला द्यावा लागे आणि एच-४ या, नवऱ्यावर अवलंबून असलेल्या पत्नीच्या व्हिसावर गेल्यामुळे नोकरी करण्याची मुभा नव्हती. मी तीस वर्षे शाळेत नागरिकशास्त्र शिकवले. आपल्याकडचा २००५ चा कायदा आर्थिक कोंडीलाही कौटुंबिक हिंसाचार मानतो, हे मला माहीत होते. पण पोटच्या मुलीच्या बाबतीत ते आठवले नाही. तुम्ही त्याबद्दल मला एका शब्दानेही दोष दिला नाहीत. "तिला काय हवं आहे ते विचारा आणि ती बोलेपर्यंत गप्प राहा," एवढेच तुमच्या बंगाली वळणाच्या हिंदीत सांगितलेत.

ती तुमच्याशी बोलायची ती इमारतीच्या तळघरातील लाँड्री रूममधून, कारण यंत्रांच्या घरघरीत आवाज बाहेर जात नसे आणि कपडे धुऊन होईपर्यंतचा अर्धा तास तिचा स्वतःचा असे. त्या अर्ध्या तासासाठी तुम्ही दर गुरुवारी फोनपाशी थांबत होता. पहिल्या वेळी घर सोडून ती अकराव्या दिवशी परत गेली, तेव्हा आमच्याकडे सगळे तिच्यावर चिडले, मीसुद्धा. तुम्ही मात्र पुढच्या गुरुवारी त्याच वेळी फोनपाशी होता. ताई, मी सर्वांत जास्त आभार मानते ते याचे.

खुणेचा शब्द ठरवण्याची कल्पनाही तुमचीच. मुलीने "मेतकूट" निवडले, कारण आईकडे मेतकूट मागणाऱ्या लेकीवर कोण संशय घेणार? भारतातून ९११ हा अमेरिकेतील तातडीच्या मदतीचा क्रमांक लागत नाही, हे माझ्या ध्यानीमनीही नव्हते. तिच्या गावच्या पोलीस ठाण्याचा पूर्ण क्रमांक तुम्ही मला वहीत दोनदा लिहून घ्यायला लावलात. एका सकाळी साडेसातला, तिकडे रात्रीचे दहा वाजलेले असताना, ती म्हणाली, "आई, मेतकूट संपलंय." वही समोर होती म्हणून माझ्याकडून फोन लागला.

त्या रात्रीच तात्पुरता संरक्षण आदेश मिळाला. न्यू जर्सीत त्यासाठी शुल्क पडत नाही आणि पुढील सुनावणी दहा दिवसांच्या आत ठेवतात. त्या दहा दिवसांत मी सांगलीत झेरॉक्सच्या दुकानात बसून विवाह नोंदणीचा दाखला आणि तिच्या पदव्या स्कॅन करून पाठवत होते, तर तुम्ही तिला वकील मिळवून देत होता. तिला इंग्रजी उत्तम येते, तरी न्यायालयाकडून विनामूल्य दुभाषी मागता येतो हे तुम्ही सांगून ठेवलेत. घरातल्या गोष्टी परक्या भाषेत बोलताना जीभ अडखळते, हे तुम्हाला अनुभवाने माहीत होते. सुनावणीच्या दिवशी सकाळपासून तुम्ही तिच्याशेजारी बाकावर बसून होता. नवऱ्याच्या एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून असलेल्या आणि छळ सोसलेल्या पत्नीला त्याच्या सहीवाचून कामाचा परवाना मागता येतो, हेही तुमच्याकडूनच कळले. तशी तरतूद अमेरिकेच्या २००५ च्या कायद्याने झाली असली, तरी तिचा अर्ज २०१७ पासून भरता येऊ लागला. किती मुलींना हे अजून ठाऊक नसेल, या विचाराने मला झोप लागत नाही.

तुमच्याच राज्यात १९८५ मध्ये 'मानवी' आणि शेजारी न्यू यॉर्कमध्ये १९८९ मध्ये 'सखी' या छळ सोसणाऱ्या बायकांना मदत करणाऱ्या संस्था दक्षिण आशियाई बायकांनीच उभ्या केल्या, हे तुम्ही एकदा बोलता बोलता सांगितले होते. तुम्ही मूळच्या ढाक्याच्या. माझ्या मुलीला त्या रात्री गरम वरणभात करून वाढणाऱ्या बाई कराचीच्या. लग्न जमवताना आम्ही जात, पोटजात, पत्रिका सारे पाहिले होते, ताई.

आता ती नोकरी करते. पहिला पगार तिच्या एकटीच्या नावावरच्या खात्यात जमा झाला, त्याचे चित्र तिने मला पाठवले. गेल्या महिन्यात ती म्हणाली, "आई, मेतकूट पाठव." माझे हातपाय गार पडले. तिला दोनदा सांगावे लागले की या वेळी खरेच मेतकूट हवे आहे. येथून जाणाऱ्या एका ओळखीच्यांबरोबर दोन पुड्या धाडल्या आहेत. त्यांतली एक तुमची. मऊ भातावर तूप घालून खावे. मीठ थोडे बेतानेच घातले आहे.

आपली ऋणी,
एक आई, सांगली