दुसऱ्या मजल्याचा ऱ

लालबाग, मुंबई
रविवार रात्र

प्रिय मित्रा,

तू लिहून दिलेला, यादीतल्या नावांवरून पावत्यांच्या फाइली शोधणारा पायथनचा प्रोग्रॅम गुरुवारपासून अडला होता, तो आज चालला. चूक तुझी नव्हती.

चाळीच्या पुनर्विकासासाठी जुन्या भाडेपावत्या स्कॅन करतोय, हे तुला ठाऊकच आहे. ज्यांचा हक्क या पावत्यांवर उभा आहे, ती माणसं आता थकलीत. म्हणून ‘फाइल सापडत नाही’ असं दिसलं की पोटात गोळा यायचा. फाइल तर डोळ्यांसमोर फोल्डरमध्ये होती!

आधी संशय पावती क्रमांकांवर गेला. यादीत ‘१२/८४’ असेल तर तिरक्या रेघेआधीचं फोल्डरचं नाव समजून प्रोग्रॅम ‘१२’ नावाचा फोल्डर शोधायला जातो. विंडोजवर तर फाइलच्या नावात तिरकी रेघ, कोलन, प्रश्नचिन्ह चालतच नाहीत. सगळीकडे आडवी रेघ घातली. तरी तेच.

मग काल रात्री दिसलं, पहिल्या आणि चौथ्या मजल्याच्या फाइली उघडतात, फक्त दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या अडतात. म्हणजे घोळ ‘ऱ्या’त! नावातले संकेत, म्हणजे कॉम्प्युटर अक्षरं आणि काना-मात्रा ज्या क्रमांकांनी साठवतो ते, प्रोग्रॅमला मोजायला लावले. यादीतल्या ‘दुसऱ्या’त ७ संकेत, फाइलच्या नावात ८. यादीत ऱ हा यूनिकोडचा, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या पद्धतीचा, एकच संकेत होता, ०९३१. फाइलला नाव शेजारच्या मुलाने त्याच्या फोनवरून दिलेलं, त्यात साधा र आणि वेगळा नुक्ता, म्हणजे अक्षराखालचं टिंब. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे, पण कॉम्प्युटरला ती दोन वेगळी नावं.

दोन्ही बाजूंची नावं एनएफसी नावाच्या ठरावीक रूपात नॉर्मलाइझ केली, म्हणजे र आणि नुक्ता जोडून एकच ऱ करून घेतला, आणि दुसरा मजला सुटला. तिसरा मात्र हटेना. तिथे र्‌नंतर झिरो विड्थ जॉइनर, म्हणजे अक्षरं जोडणारा शून्य रुंदीचा संकेत, दडला होता. तो दिसत नाही आणि नॉर्मलाइझ करूनही जात नाही. ती जोडी शोधून तिथे ऱ् घालावा लागला.

इथे सगळे म्हणतात, नावं इंग्रजीत दे. मला ते पटत नाही रे. पावत्या मराठीत, माणसं मराठी. तिसऱ्या मजल्यावरच्या आजींना स्वतःची फाइल स्वतः वाचता आली पाहिजे.

हे दोन्ही बदल तुझ्या मूळ प्रोग्रॅममध्ये घालून पाठवशील का? उद्या ‘शेजाऱ्यांचे जबाब’ घ्यायचेत, आणि त्यातही ऱ आहेच.

तुझाच,
चाळीतला मित्र